नेटवर्क स्टोरेजला स्क्रिप्ट जोडत नाही तेव्हा: खात्यापासून पायथनच्या लायब्ररीपर्यंतची तपासणी

पणजीत पाटोवर मुख्य कचेरी, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत युनिट, दोन्हींच्या मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) आणि एका कपाटात नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना मिळणारा डिस्कांचा साठा. रात्री एखादी पायथन स्क्रिप्ट बिलं, हजेरी, मशीनच्या नोंदी गोळा करून नॅसवर ठेवते. काम सुरू करायला कुठे ॲन्सिबल (अनेक यंत्रांवर कामं चालवणारं साधन) असतं, कुठे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन, कुठे नुसता विंडोजचा टास्क शेड्युलर. गोव्यातल्या अनेक कचेऱ्यांत अशी मांडणी आढळते. ती बंद पडली की पहिला संशय लायब्ररीवर, म्हणजे नॅसशी बोलणाऱ्या तयार कोडवर जातो. लायब्ररी काढून पुन्हा टाकली जाते, आवृत्ती बदलून पाहिली जाते, आणि दोष मात्र खात्यात, पोर्टात (सेवेच्या क्रमांकित दारात) किंवा माउंटमध्ये (नॅस यंत्रावर फोल्डरसारखा जोडण्यात) जागच्या जागी राहतो.

म्हणून एक नियम आधीच धरा. काम ज्या यंत्रावर, ज्या खात्याने आणि ज्या पायथनने चालतं, तपासणीही त्याच यंत्रावर, त्याच खात्याने आणि त्याच पायथनने करायची. तुमच्या लॅपटॉपवरून नॅस उघडतो, याने फक्त तुमचा लॅपटॉप ठीक आहे एवढंच कळतं.

काम नेमकं कोण चालवतंय?

स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला चार गोष्टी लॉगमध्ये लिहा: कोणतं पायथन चालू आहे (सिस डॉट एक्झिक्युटेबल), त्याची आवृत्ती, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालू आहे, आणि सध्याचं फोल्डर कोणतं. हाताने चालवताना आणि शेड्युलरने चालवताना या चार ओळी वेगळ्या निघाल्या, तर अर्धं निदान तिथेच झालं.

विंडोजवर सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार झेड ड्राइव्हचा. मॅप केलेला ड्राइव्ह हा संगणकाचा नसतो, लॉगिन केलेल्या सत्राचा असतो. टास्क शेड्युलरमध्ये 'वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालवा' हा पर्याय निवडला की काम वेगळ्या सत्रात चालतं आणि तिथे झेड नावाचं काहीच नसतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतही हेच होतं. साध्या खिडकीत दिसणारा ड्राइव्ह तिथे गायब असतो. उपाय एकच: ड्राइव्हचं अक्षर सोडा आणि दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या.

त्याच पानावर 'पासवर्ड साठवू नका' असा चौकोन आहे. त्यावर खूण असेल तर त्या कामाला फक्त त्याच संगणकावरच्या गोष्टी मिळतात, नेटवर्कवरच्या मिळत नाहीत. सिस्टीम खात्याने चालवलेलं काम डोमेन (सगळ्या खात्यांची मध्यवर्ती व्यवस्था) नसलेल्या कचेरीत नॅससमोर अनोळखी म्हणून उभं राहतं आणि नॅस त्याला आत घेत नाही. यासाठी नॅसवर एक वेगळं खातं काढा, त्याला हव्या त्याच फोल्डरचा हक्क द्या आणि काम त्याच खात्याच्या नावाने चालवा. मालकाचं किंवा ॲडमिनचं खातं यासाठी वापरू नये. पासवर्ड बदलला की सगळी कामं एकदम बंद पडतात, आणि स्क्रिप्टमधल्या एका चुकीने सगळा साठा पुसला जाऊ शकतो.

'सुरुवात कुठून' हा रकाना रिकामा ठेवला तर काम विंडोजच्या सिस्टीम ३२ फोल्डरातून सुरू होतं आणि स्क्रिप्टमधले अर्धवट पत्ते भलतीकडे जातात. लिनक्सवर क्रॉनचंही तसंच. त्याला तुमचा नेहमीचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) ठाऊक नसतो, तो बहुधा दोनच फोल्डर बघतो. क्रॉनच्या ओळीत पायथनचा आणि स्क्रिप्टचा, दोन्हींचा पूर्ण पत्ता लिहा.

पत्ता लिहितानाच आणखी एक खड्डा आहे. विंडोजच्या पत्त्यातली उलटी तिरपी रेघ पायथनला खुणेसारखी असते. पुढच्या फोल्डरचं नाव इंग्रजी लहान एन अक्षराने सुरू झालं तर पायथन तिथे नवी ओळ समजतो, टी असेल तर टॅब. यू असेल तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, 'युनिकोडएस्केप'ची चूक येते. अवतरणाच्या आधी आर लावा किंवा सरळ सुलट्या रेघा वापरा. पायथन विंडोजवरही त्या मानतो. आर लावलेल्या मजकुराच्या शेवटी एकटी उलटी रेघ मात्र चालत नाही.

पोर्टपर्यंत पोचतोय का?

पिंग लागला म्हणजे झालं, असं नाही. पिंग फक्त यंत्र जिवंत आहे एवढं सांगतो, आणि काही ठिकाणी फायरवॉल पिंग अडवून बाकी सगळं जाऊ देते. त्यामुळे पोर्ट तपासा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' आहे, लिनक्सवर 'एनसी' आहे. आमच्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच पायथनमधून सॉकेट मॉड्यूलचं 'क्रिएट-कनेक्शन' पाच सेकंदांच्या टाइमआउटने चालवणं. यात यंत्र, खातं आणि पायथन तिन्ही तीच राहतात.

पोर्ट हे: विंडोज शेअरिंगला म्हणजे एसएमबीला ४४५ (जुन्या नेटबायोस पद्धतीला १३९), लिनक्सकडच्या शेअरिंगला म्हणजे एनएफएसला २०४९ आणि तिसऱ्या आवृत्तीत सोबत १११, नेटवर्कवरून डिस्क जोडणाऱ्या आयस्कझीला ३२६०, दूरच्या यंत्रात शिरायच्या एसएसएचला २२. सायनॉलॉजी कंपनीच्या नॅसच्या व्यवस्थापन पानाला मूळ मांडणीत ५००० आणि सुरक्षित जोडणीला ५००१. मोठ्या कारखान्यांतल्या नेटॲपसारख्या स्टोरेजला ऑटोमेशन ४४३ वरून बोलतं.

उत्तर काय येतं ते नीट वाचा, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. 'जोडणी नाकारली' (लिनक्सवर १११, विंडोजवर १००६१) म्हणजे यंत्रापर्यंत तुम्ही पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. 'वेळ संपली' (११० किंवा १००६०) म्हणजे मध्ये कुणीतरी डेटाचं पाकीट गुपचूप टाकून दिलं: फायरवॉल, चुकीचा मार्ग, नाहीतर बंद नॅस. 'नाव सापडलं नाही' (विंडोजवर ११००१) म्हणजे तुम्ही अजून नॅसच्या वाटेलाही लागला नाहीत; दोष नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये आहे. या तिन्हींत लायब्ररीचा काहीच संबंध नसतो, ती बिचारी मिळालेलं उत्तर पुढे सांगते.

नावाचा घोळ असेल तर आधी आयपी पत्त्याने करून पाहा. 'डॉट लोकल' ने संपणारी नावं डॉकर कंटेनरच्या (यंत्रातच डब्यासारख्या वेगळ्या ठेवलेल्या वातावरणाच्या) आतून सहसा सापडत नाहीत. आणि कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, बाहेरचं यंत्र नव्हे. राउटरमध्ये नॅसच्या मॅक पत्त्याला एक आयपी कायमचा बांधून द्या. हे केलं नाही तर वीज जाऊन आल्यावर नॅसला १९२.१६८.१.२० ऐवजी दुसराच पत्ता मिळू शकतो आणि जुन्या पत्त्यावर कुणाचा तरी प्रिंटर येऊन बसतो.

आता तो प्रकार, ज्यात लॉगिन होतं, फोल्डरची यादी दिसते, छोट्या फायली जातात, आणि मोठी फाइल काही केबी जाऊन लटकते. दोन जागा व्हीपीएनने जोडल्या असतील तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची बाइटमधली कमाल लांबी, तपासा. साध्या इथरनेटचा एमटीयू १५०० असतो. पीपीपीओई जोडणीवर तो १४९२ होतो, वायरगार्डसारख्या व्हीपीएनवर बहुधा १४२०. मोठी पाकिटं मध्येच अडतात आणि 'पाकीट लहान करा' हा निरोप परत येत नाही. तपासायला न तोडता जाणारा पिंग द्या: विंडोजवर डॅश एफ आणि डॅश एल, लिनक्सवर डॅश एम डू आणि डॅश एस. आकडा एमटीयूपेक्षा २८ ने कमी घ्यायचा, म्हणजे १५०० साठी १४७२, १४२० साठी १३९२. १४७२ ला उत्तर नाही आणि १३९२ ला आहे, तर व्हीपीएनच्या टोकांवर एमटीयू उतरवा किंवा राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं आपोआप लहान ठेवणं) चालू करा. उलट कुणी वेगासाठी नॅसवर ९००० चे जंबो फ्रेम चालू केले असतील आणि मधला स्विच ते जाणत नसेल, तर घरच्या घरातही हीच लक्षणं दिसतात.

दार उघडं आहे, पण आत घेत नाही

विंडोजच्या चुकांचे क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ५३ म्हणजे त्या पत्त्यावर शेअर देणारं कुणी सापडलं नाही. ६७ म्हणजे यंत्र सापडलं, पण त्या नावाचं शेअर नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. १२१९ वर लोक हमखास अडकतात: त्याच नॅसला त्याच सत्रातून आधीच दुसऱ्या खात्याने जोडणी आहे, आणि विंडोज एका यंत्राला एकाच सत्रात दोन खाती चालू देत नाही. 'नेट यूझ' ने जुन्या जोडण्या बघा, काढा, आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेलं जुनं खातंही पुसा.

लिनक्सवर सीआयएफएस, म्हणजे एसएमबीचं शेअर, माउंट करताना 'होस्ट इज डाउन', क्रमांक ११२, अशी चूक येते आणि माणूस नॅसकडे धावतो. नॅस चालू असतो. जुना नॅस फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलतोय आणि नवा लिनक्स ती बोलायला तयार नाही, असं बहुतेक वेळा असतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नव्याने टाकलेल्या विंडोजवरही ती मिळत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतल्या दोषातून पसरला होता, त्यामुळे 'एसएमबी १ चालू करा' हा इंटरनेटवर सहज सापडणारा सल्ला मानू नका. नॅसच्या पानावर जाऊन किमान आवृत्ती २, कमाल ३ ठेवा. नॅसला ते जमतच नसेल तर तो बदलायची वेळ झालीय.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणखी दोन बदल झाले. प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग (प्रत्येक निरोपावर सही) सक्तीचं आणि पासवर्डाशिवायचं पाहुणं खातं बंद. 'कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद' या तक्रारीमागे हे असू शकतं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: एसएमबीप्रोटोकॉलसारखी पायथन लायब्ररी विंडोजची जोडणी वापरत नाही, स्वतःची वेगळी जोडणी करते. त्यामुळे एक्सप्लोररमध्ये फोल्डर उघडतं आणि पायथनमध्ये नाही, किंवा नेमकं उलट, असं अगदी शक्य आहे. एकाच्या यशावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नका.

घड्याळंही जुळवा. डोमेनमध्ये ओळख तपासणारं कर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आतल्या घड्याळाची बॅटरी संपलेला नॅस वीज आल्यावर काही वर्षं मागे गेलेला असतो आणि मग प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' असं म्हणतं.

एनएफएसवर परवानगी सहसा नावाने चालत नाही, क्रमांकाने चालते. इकडे वापरकर्ता १००० आणि नॅसवर तेच खातं १०२६ असेल तर नाव एकच असूनही नॅसच्या लेखी ती दोन माणसं. रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लिहायला गेलात तर नॅसवरचा रूट-स्क्वॅश हा पर्याय तुम्हाला ६५५३४ क्रमांकाचा 'कुणीच नाही' करून टाकतो आणि 'परवानगी नाही' ही क्रमांक १३ ची चूक येते. रूट-स्क्वॅश काढू नका, क्रमांक जुळवा.

आता लायब्ररी

इथवर सगळं ठीक निघालं, तरच लायब्ररीकडे वळा.

'मॉड्यूल सापडलं नाही' आणि पिप (लायब्ररी टाकणारं साधन) म्हणतो 'आधीच टाकलेलं आहे', याचा अर्थ यंत्रावर दोन पायथन आहेत. पिप एकाचा, स्क्रिप्ट दुसऱ्याची. म्हणून पिप कधीही एकटा चालवू नका. लॉगमध्ये दिसलेल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहून त्याला 'डॅश एम पिप' लावा. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टीमचा पायथन पिपला हात लावू देत नाही, 'बाहेरून सांभाळलं जाणारं वातावरण' अशा अर्थाची चूक दाखवतो. ती जबरदस्तीने ओलांडायचा पर्याय आहे, पण तो टाळा. 'डॅश एम व्हेन्व' ने वेगळं वातावरण करा आणि क्रॉनच्या ओळीत त्या वातावरणातल्या पायथनचा पत्ता द्या. ॲक्टिव्हेट करण्याचीही गरज नाही.

पॅकेजचं नाव आणि इम्पोर्टचं नाव वेगळं असू शकतं. पायएसएमबी टाकलं की इम्पोर्ट 'एसएमबी' करायचं. 'एसएमबीक्लायंट' हे मॉड्यूल एसएमबीप्रोटोकॉल पॅकेजमधून येतं. आणि तुमच्याच फोल्डरात एसएमबी, रिक्वेस्ट्स किंवा पॅरामिको या नावाची पायथन फाइल असेल तर पायथन आधी तीच उचलतो. मॉड्यूल आलं पण आतलं फंक्शन सापडत नाही, असं झालं तर त्या मॉड्यूलचा 'डंडर फाइल' (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेलं 'फाइल') छापून बघा. ते नेमकं कुठून आलं ते कळतं.

पायएसएमबी की एसएमबीप्रोटोकॉल? नव्या कामाला एसएमबीप्रोटोकॉल घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. एसएमबी ३ चं एन्क्रिप्शन त्यात आहे. नॅसवर एन्क्रिप्शन सक्तीचं केलं की पायएसएमबी बाहेर राहतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये पायएसएमबी असेलच तर ते मूळ मांडणीत १३९ वर जातं हे विसरू नका. पोर्ट ४४५ देऊन 'इज डायरेक्ट टीसीपी' खरं करावं लागतं, नुसता पोर्ट बदलून भागत नाही. एसएमबीक्लायंट जोडण्या साठवून ठेवतं. दिवसभर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नॅस एकदा बंद होऊन चालू झाला की ती मेलेलीच जोडणी वापरत राहते. चूक आली की 'रीसेट कनेक्शन कॅश' बोलावून मग पुन्हा प्रयत्न करा.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या ३ आवृत्तीत एमडी४ ही जुनी हॅश पद्धत मूळ मांडणीत बंद आहे. उबुंटू २२.०४ वर गेल्यावर 'अनसपोर्टेड हॅश टाइप एमडी४' दिसलं तर जुनी एनटीएलएम ओळख (विंडोजची पासवर्ड तपासण्याची पद्धत) पायथनच्या हॅशलिबवर विसंबून होती असं समजा. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या, सगळ्या यंत्राचं ओपनएसएसएल ढिलं करत बसू नका. तसंच पायथन ३.१० पासून आणि युआरएललिब३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सुरक्षित जोडणीसाठी किमान टीएलएस १.२ लागतं. जुन्या फर्मवेअरचा नॅस १.० वरच असतो आणि 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' येतं. फर्मवेअर अद्ययावत करणं हाच सरळ उपाय.

स्वतः सही केलेल्या प्रमाणपत्रावर रिक्वेस्ट्स (वेब पत्त्यांशी बोलणारी लायब्ररी) अडतं. ब्राउझर चालतो, कारण तिथे तुम्ही एकदा 'पुढे जा' म्हटलेलं असतं. शिवाय रिक्वेस्ट्स सिस्टीमची प्रमाणपत्रं न पाहता सर्टिफाय पॅकेजमधली पाहतं. 'व्हेरिफाय फॉल्स' लिहून सुटका होते, पण मग पासवर्ड कुणाच्या हाती जातोय ते कळायला मार्ग उरत नाही. नॅसचं प्रमाणपत्र फाइलमध्ये उतरवून घ्या आणि व्हेरिफायला त्या फाइलचा पत्ता द्या. प्रमाणपत्रात ज्या नावाची नोंद आहे त्याच नावाने जोडा. आयपीने जोडायचं असेल तर पर्यायी नावांच्या रकान्यात तो आयपी असायला हवा.

कचेरीत प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारा मधला सर्व्हर) असेल तर रिक्वेस्ट्स कचेरीतल्याच नॅसकडे जाणारी मागणीही प्रॉक्सीकडे धाडतं आणि ४०३ किंवा ५०३ परत येतं. 'नो प्रॉक्सी' या चलात नॅसचं नाव आणि पत्ता घाला.

एसएसएचने जोडणाऱ्या पॅरामिकोची २.९ आवृत्ती, २०२१ ची, आरएसए किल्लीसाठी नव्या सह्यांना प्राधान्य देऊ लागली. जुन्या नॅसवर किल्ली बरोबर असूनही 'ओळख पटली नाही' येतं. तेवढ्या एका जोडणीपुरत्या 'डिसेबल्ड अल्गोरिदम्स' मध्ये आरएसए-एसएचए२ च्या दोन्ही सह्या टाका.

कारखान्यातल्या यंत्राला इंटरनेट नसेल तर बाहेरच्या यंत्रावर 'पिप डाउनलोड' करून फायली पेनड्राइव्हने न्या आणि 'नो-इंडेक्स', 'फाइंड-लिंक्स' लावून टाका. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार एकच हवा. रास्पबेरी पायवर क्रिप्टोग्राफी टाकताना रस्ट मागितलं, तर आधी पिप अद्ययावत करा. जुना पिप तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) ओळखत नाही आणि विनाकारण बांधायला घेतो.

ॲन्सिबल असेल तर

ॲन्सिबलचं मॉड्यूल मूळ मांडणीत समोरच्या यंत्रावर चालतं. नॅस किंवा नेटॲपवर तुमची लायब्ररी नसते आणि टाकताही येत नाही, म्हणून अशी कामं 'डेलिगेट टू लोकलहोस्ट' करून स्वतःच्या यंत्रावरून चालवायची. लायब्ररी मिळाली नाही की येणारी चूक शेवटपर्यंत वाचा. त्यात कोणत्या यंत्राचा आणि कोणत्या पत्त्यावरचा पायथन शोधला, हे दोन्ही लिहिलेलं असतं.

इथे एक बारकावा आहे. इन्व्हेंटरीत (ॲन्सिबलच्या यंत्रांच्या यादीत) लोकलहोस्ट, म्हणजे स्वतःचं यंत्र, लिहिला नसेल तर ॲन्सिबल स्वतः ज्या पायथनवर चालतं तोच वापरतं. तुम्ही तो इन्व्हेंटरीत लिहिलात की ते नव्याने शोधाशोध करून सिस्टीमचा पायथन उचलतं. प्रत्येक साधन वेगळ्या वातावरणात टाकणाऱ्या पिपएक्सने ॲन्सिबल टाकलं असेल तर लायब्ररी एका घरात आणि मॉड्यूल दुसऱ्या घरात. इन्व्हेंटरीत त्या ओळीपुढे 'ॲन्सिबल पायथन इंटरप्रिटर' या चलाला 'ॲन्सिबल प्लेबुक पायथन' ही किंमत द्या, आणि लायब्ररी 'पिपएक्स इंजेक्ट' ने टाका.

थेट नॅसवर एसएसएचने जायचं असेल तर सायनॉलॉजीत फक्त ॲडमिनिस्ट्रेटर गटातल्या खात्याला ते जमतं, एसएफटीपी ही वेगळी सेवा वेगळी चालू करावी लागते, आणि वापरकर्त्याचं होम फोल्डर चालू नसेल तर ॲन्सिबलला तात्पुरत्या फायली ठेवायला जागा मिळत नाही. ॲन्सिबल-कोर २.१७ ला समोर किमान पायथन ३.७ लागतो, जुन्या यंत्रावर ३.६ असेल तर 'रॉ'सारख्या, समोर पायथन न लागणाऱ्या मॉड्यूलांखेरीज तिथे काही चालत नाही.

माउंट दिसतोय, पण आहे का?

सगळ्यात धोक्याचा दोष चूक दाखवतच नाही. नॅस माउंट झालेला नसतो, पण माउंटचं रिकामं फोल्डर असतंच. स्क्रिप्ट त्यातच बॅकअप लिहिते, लॉगमध्ये 'यशस्वी' येतं, आणि सगळा डेटा त्याच यंत्राच्या डिस्कवर साठत जातो. डिस्क भरली की कळतं. लिहिण्याआधी 'ओएस डॉट पाथ डॉट इजमाउंट' तपासा आणि खोटं आलं तर काम थांबवा. त्याहून पक्कं म्हणजे माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर प्लस आय' (बदल अडवणारी खूण) लावून ठेवणं. मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही. डॉकरमध्ये कंटेनर आधी सुरू झाला आणि माउंट नंतर झाला, तर कंटेनरला आत रिकामंच फोल्डर दिसत राहतं. माउंट झाल्यावर कंटेनर पुन्हा सुरू करा, किंवा व्हॉल्यूमला 'आरस्लेव्ह' लावा.

एनएफएसचा 'हार्ड' माउंट नॅस गेल्यावर कायम वाट बघतो, स्क्रिप्ट डी अवस्थेत (साठ्याच्या उत्तराची वाट बघत) अडकते आणि मारूनही सहजी मरत नाही. 'सॉफ्ट' केला तर काही वेळाने चूक येते, पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. लिहायचं असेल तर हार्डच ठेवा. 'स्टेल फाइल हँडल', क्रमांक ११६, आला तर माउंट उतरवून पुन्हा लावा.

नॅसवर दुसऱ्या यंत्राने ठेवलेली फाइल फोल्डरातले बदल टिपणाऱ्या वॉचडॉग लायब्ररीला कळत नाही, कारण लिनक्सची सूचना फक्त त्याच यंत्रावरच्या बदलांची असते. 'पोलिंग ऑब्झर्व्हर' वापरा. एनएफएसची कॅश फोल्डरचा बदल दाखवायला ६० सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकते, हेही धरून चाला. एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल नॅसवर ठेवून दोन यंत्रांतून उघडू नका. त्याची वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) नेटवर्कवर चालतच नाही.

'शटिल कॉपी२' कधी फाइल पूर्ण लिहून मग वेळ आणि परवानग्या उतरवताना चूक देतं. फाइल पोचलेली असते. नुसता मजकूर हवा असेल तर 'कॉपीफाइल' पुरे.

मराठी नावांच्या फायली

हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, आणि आपल्याकडे तो रोज लागतो. 'कर्मचाऱ्यांची यादी' या फाइलमधला 'ऱ्या' तीन प्रकारे टंकता येतो. एक, ऱ हे एकच अक्षर. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच. पायथनला मात्र पहिल्या प्रकारात 'कर्मचाऱ्यांची' हा शब्द १३ खुणांचा, बाकी दोन्हींत १४ खुणांचा. समोर दिसणारी फाइल स्क्रिप्टला 'सापडत नाही', ती यामुळे.

नाव 'अस्की' फंक्शनने छापून बघा, खुणा उघड्या पडतात. मग तुलना करण्याआधी दोन्ही नावं 'युनिकोडडेटा' मधल्या नॉर्मलाइझने एनएफसी रूपात आणा. त्याने दुसरा प्रकार पहिल्यात येतो. तिसरा येत नाही. तिथे र, हलन्त, जोडक या तिन्हींच्या जागी ऱ आणि हलन्त अशी अदलाबदल स्वतः करावी लागते.

लांबीचंही बघा. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टीमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे ८५ खुणा. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरात हीच मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे ४७ खुणा. 'ग्रामपंचायत मासिक सभेचं इतिवृत्त' असं नाव तारखेसकट तिथपर्यंत सहज जातं.

पावसाळा आणि वीज

जून ते सप्टेंबर इथे वीज किती वेळा येते-जाते ते सांगायला नको. वीज आली की पीसी मिनिटभरात उठतो, नॅसला मात्र डिस्का तपासून सेवा सुरू करायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्या फरकात माउंट फसतो आणि पुन्हा कुणी लावत नाही. एफएसटॅब या लिनक्सच्या माउंटच्या यादीतल्या ओळीत 'अंडरस्कोर नेटडेव्ह', 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी-ऑटोमाउंट' हे तिन्ही पर्याय घाला. मग फोल्डरला पहिला हात लागेल तेव्हा माउंट होतो. नॅसचा यूपीएस यूएसबीने नॅसलाच जोडा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी तो स्वतः नीट बंद होतो. राउटर आणि स्विचही यूपीएसवर हवेत, नाहीतर नॅस चालू आणि वाट बंद.

दोन इमारतींमधून उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल विजेच्या कडकडाटात दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जाते. तिथे फायबर टाका. वास्को, कळंगुटसारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने आरजे४५ च्या पिना गंजतात. मग जोडणी १००० ऐवजी १०० मेगाबिटवर उतरते किंवा मधूनच तुटते. स्विचच्या पानावर त्या पोर्टचा वेग आणि सीआरसी चुका (बिघडून पोचलेली पाकिटं) बघा. चुकांचा आकडा वाढत असेल तर स्क्रिप्टला हात न लावता आधी केबल बदला.

गणेश चवथीच्या सुटीआधी पासवर्ड आणि प्रमाणपत्रांच्या मुदती पाहून ठेवा. कचेरी बंद असताना संपलेली मुदत परत येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

स्क्रिप्टमध्ये कायमचं ठेवायचं ते

रिक्वेस्ट्सला स्वतःचा टाइमआउट नसतो, दिला नाही तर ते अनंतकाळ थांबतं. जोडायला ५ आणि वाचायला ६० सेकंद, असे दोन आकडे द्या. पुन्हा प्रयत्न ५, १०, २०, ४० सेकंदांच्या वाढत्या अंतराने करा, पण फक्त नेटवर्कच्या चुकांसाठी. पासवर्डाच्या चुकीवर पुन्हा प्रयत्न केला तर नॅस तुमचा पत्ताच अडवून टाकतो, आणि मग 'वेळ संपली' दिसू लागल्यावर खरी चूक कायमची झाकली जाते. तसं झालंय असं वाटलं तर नॅसच्या सुरक्षा पानावरची अडवलेल्या पत्त्यांची यादी बघा.

फाइल आधी त्याच शेअरवर तात्पुरत्या नावाने लिहा, आकार जुळवा, मग 'ओएस डॉट रिप्लेस' ने खरं नाव द्या. तात्पुरती फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवून हे केलंत तर क्रमांक १८ ची चूक येते, कारण नाव बदलणं एकाच साठ्यात होतं. लायब्ररींच्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नेमक्या आकड्यांनी बांधा आणि ती फाइल नॅसबरोबरच दुसऱ्या जागीही ठेवा, कारण ती नेमकी नॅस मिळत नसेल तेव्हाच लागते.